तारेचा इतिहासकार

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी तार आली नाही, असे एकही वर्ष मला आठवत नाही. मात्र त्यातल्या बहुतेक तारा आमच्या नसत. बाबा नागपूरच्या तारघरात नोकरीला होते, आणि आमच्या गल्लीत कुणाकडे तार आली की ती न उघडता आधी आमच्या ओट्यावर आणली जाई. तार म्हणजे कुणीतरी गेले असेच लोक धरून चालत आणि कागद उलगडण्याआधीच बायका डोळ्यांना पदर लावत. बाबा मजकुरावरून एकदा नजर फिरवत आणि बातमी नोकरी लागल्याची किंवा बाळंतपण पार पडल्याची असली, तर आधी मोठ्याने "सगळे खुशाल आहेत" असे म्हणत आणि मग सावकाश वाचून दाखवत. इंग्रजी मजकुराचे मराठी ते त्या माणसाच्या बोलीत करत, म्हणून ऐकणाऱ्याला आपलाच माणूस बोलतो आहे असे वाटे.

उमेदवारीच्या काळात बाबांनी मोर्सच्या साउंडरवर काम केले होते. पलीकडच्या गावातल्या माणसाने पितळी कळ दाबली की तारेतून प्रवाह वाहतो, इथल्या विद्युतचुंबकात जीव येतो आणि तो लोखंडाची एक लहानशी पट्टी खाली ओढून घेतो. कळ सोडली की स्प्रिंग ती पट्टी पुन्हा वर नेते. दोन्ही वेळा टक् असा आवाज होतो आणि त्या दोन आवाजांमधले अंतर थोडे की जास्त, यावरून मोर्सच्या लिपीतला ठिपका कोणता आणि रेघ कोणती हे कानाने ओळखायचे असते. बाबा ते ऐकता ऐकता थेट शब्द लिहीत. पुढे मजकूर आपोआप छापणारे टेलिप्रिंटर आले, साउंडर अडगळीत गेले, पण जेवायला बसल्यावरही त्यांचे उजवे बोट ताटाच्या कडेवर कट्ट कडकट्ट करत राही आणि आई दरवेळी म्हणे, "तारघर तिकडे ठेवून या हो."

हे सगळे पुन्हा आठवण्याचे कारण म्हणजे मे २०२५ मध्ये अमेरिकेत निधन पावलेले सरोज घोष. भारतातल्या विज्ञान केंद्रांचे जनक म्हणून त्यांचे नाव मला विज्ञान शिक्षिका या नात्याने जुने परिचयाचे होते. नागपूरचे रामन विज्ञान केंद्र ज्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचे आहे, तिचे ते महासंचालक होते आणि ते केंद्र त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. त्यांच्यावरचे लेख वाचताना एका वाक्यावर मात्र मी थांबले. यादवपूर विद्यापीठाने १९७४ साली त्यांना पीएच.डी. दिली, ती भारतात विद्युत तारायंत्राचा प्रवेश आणि विकास कसा झाला या विषयावरच्या प्रबंधासाठी. ज्या माणसाला मी तीस वर्षे प्रदर्शनांची उभारणी करणारा अभियंता समजत होते, तो माझ्या बाबांच्या धंद्याचा इतिहासकार होता. तेव्हापासून त्यांच्या सगळ्या कामाकडे मी त्या प्रबंधाच्या बाजूने पाहू लागले, आणि जे पूर्वी सुटे सुटे दिसत होते ते मला एकाच ओघातले वाटू लागले.

त्यांची वाटचाल थोडक्यात सांगते, कारण पदांची आणि पुरस्कारांची यादी हा त्यांच्या आयुष्याचा मला कमी महत्त्वाचा भाग वाटतो. जन्म १९३५ चा. यादवपूरचे अभियंते, पुढे हार्वर्डमध्ये कंट्रोल अभियांत्रिकीचे शिक्षण आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत संग्रहालयशास्त्राचे प्रशिक्षण. कोलकात्यातल्या बिर्ला औद्योगिक व तंत्रवैज्ञानिक संग्रहालयात ते १९५८ मध्ये दाखल झाले, तेव्हा ते संग्रहालय अजून लोकांसाठी उघडलेही नव्हते. ते २ मे १९५९ रोजी उघडले. अमलेंदु बोस तिथले प्रमुख होते. १९६५ मध्ये घोष तिथले संचालक झाले, म्हणजे वयाच्या तिशीत. १९७८ मध्ये राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, पुढे तिचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि १९९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत राहिले. १९९२ ते १९९८ या काळात ते जगभरातल्या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते. १९८९ मध्ये पद्मश्री, २००७ मध्ये पद्मभूषण.

आता त्या प्रबंधाकडे वळते. १९६५ ते १९७४ ही ती वर्षे आहेत, जेव्हा त्यांच्या डोक्यावर एक पूर्ण संग्रहालय होते, कार्यशाळा होत्या, गावोगाव फिरणारी प्रदर्शने होती. अशा वेळी माणूस फार तर व्यवस्थापनाची एखादी पदवी घेईल. हा माणूस मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात शिरला आणि तिथे त्याची गाठ पडली विल्यम ब्रुक ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरशी. घोष यांनी ओशॉनेसीवर पुढेही स्वतंत्रपणे लिहिले आहे, आणि ते स्वाभाविक आहे, कारण इतका विलक्षण माणूस इतिहासकाराला क्वचित मिळतो.

ओशॉनेसी मुळात वैद्य. कॉलऱ्याच्या रोग्याच्या रक्तातले पाणी आणि क्षार कमी होतात, तेव्हा ते शिरेतून परत द्यावेत, ही कल्पना त्याने १८३१-३२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मांडली. आज दवाखान्यात सलाइनची बाटली टांगलेली दिसते, तिच्या मुळाशी ती कल्पना आहे. पुढे तो कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला, आणि १८३९ मध्ये त्याने तिथल्या वनस्पती उद्यानात बांबू रोवून त्यांच्यावरून मैलोगणती लांबीची लोखंडी तार फिरवली आणि विजेचे संदेश पाठवून पाहिले. कंपनी सरकारला त्याची किंमत कळायला बारा वर्षे लागली. १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर अशी प्रायोगिक लाइन पडली. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या पाठिंब्याने नोव्हेंबर १८५३ मध्ये मोठे काम सुरू झाले आणि मार्च १८५४ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, आठशे मैलांवरच्या आग्र्याहून कोलकात्याला संदेश आला.

तारखांपेक्षा कामाची रीत मला अधिक मोलाची वाटते. इंग्लंडात चालते तसे इथे चालणार नाही, हे ओशॉनेसीने पहिल्यापासून ओळखले होते. इथे वादळे येतात, तारेवर माकडे लोंबकळतात, मोठाले पक्षी बसतात. म्हणून त्याने बारीक तारेऐवजी बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई वापरली, जी वजनाने तुटणार नाही आणि जोराच्या वाऱ्यातही टिकेल. संदेश वाचायचे उपकरणही त्याने साधे, इथल्या कारागिराला करता येईल आणि दुरुस्त करता येईल असे निवडले. त्याच्या हाताखाली शिवचंद्र नंदी हे बंगाली सहायक होते. प्रायोगिक लाइनच्या संदेशांत ते होते आणि पुढे लांब लांब लाइनी टाकण्याची जबाबदारीही त्यांनी पेलली. त्यांचे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझे वय साठ उलटले होते, आणि माझे वडील आयुष्यभर तारघरात होते! बाबांनीही ते नाव कधी घेतले नाही. त्यांना ते कुणी सांगितलेच नसणार.

तंत्रज्ञान जहाजातून उतरते आणि आपोआप रुजते, असे आपण शाळेत शिकवत आलो. रेल्वे आली, तार आली, छापखाना आला. प्रत्येक वाक्याचे क्रियापद "आली" किंवा "आला". तारेचा इतिहास बारकाईने पाहणाऱ्याला मात्र दिसते, की ती आली नाही, ती इथे घडवावी लागली. इथल्या बांबूंवर, इथल्या लोहाराच्या हातून, इथल्या माणसाला शिकवून. मला वाटते, घोष यांनी हेच आपल्या संग्रहालयांत केले. परदेशातून तयार प्रदर्शने आणून मांडणे शक्य झाले असते, पण त्यांनी संग्रहालयाच्या आवारात सुतार, फिटर, वायरमन, चित्रकार बसवून प्रत्येक वस्तू तिथेच तयार करवली. बिघडले तर तिथल्याच माणसाला दुरुस्त करता यावे, हा हिशेब त्यात होता. जाड सळई निवडणाऱ्या माणसाचा हिशेब याहून वेगळा नव्हता.

आणि मग ती बस. १९६५ मध्ये, म्हणजे ते संचालक झाले त्याच वर्षी, बंगालच्या ग्रामीण भागात बसमधून फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू झाले. फ्रँक ओपनहायमरचे सॅन फ्रान्सिस्कोमधले, हाताने करून पाहण्याचे म्हणून जगभर गाजलेले एक्स्प्लोरेटोरियम १९६९ चे. त्याच्या चार वर्षे आधी आपल्याकडे संग्रहालय धुळीच्या रस्त्याने शाळेच्या दारात जात होते. हे सांगताना मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

ती बस मी पाहिली आहे. नव्वदच्या दशकात मी काटोल तालुक्यातल्या एका गावी विज्ञान शिकवत होते. शाळेत प्रयोगाचे साहित्य होते, पण ते कपाटात होते आणि कपाटाला कुलूप होते. भिंग फुटले, परीक्षानळी तडकली तर भरून कुणी द्यायची, या धास्तीने ते वर्षातून दोनदा तपासणीच्या वेळी उघडे. बस मैदानात येऊन उभी राहिली तो दिवस संत्र्याच्या तोडणीचा होता, त्यामुळे निम्मी मुले बागेत गेलेली. दुपारपर्यंत बातमी पसरली आणि मुले तर आलीच, त्यांच्या मागोमाग डोक्यावरची टोपली बांधावर ठेवून आयाही आल्या. बसच्या दोन्ही अंगांना वीसेक प्रयोग मांडले होते. बसबरोबर आलेल्या माणसाने आमच्या नववीतल्या चार मुलांना बाजूला घेऊन तासाभरात सगळे समजावून दिले आणि मग स्वतः मागे उभा राहिला. समजावून सांगायचे काम त्या चौघांचे.

सातवीतला एक मुलगा कप्प्यांच्या प्रयोगासमोर हात मागे बांधून उभा होता. तीन दोऱ्या, तीन सारखी वजने, प्रत्येक दोरीला कमी-अधिक कप्प्या. तो मला म्हणाला, "मॅडम, हात लावला तं चालते का जी?" मी हो म्हणायच्या आत आमच्या नववीतल्या मुलीने त्याचा हात धरून दोरीवर ठेवला. त्याने पहिली दोरी ओढली, मग दुसरी, मग तिसरी, आणि पुन्हा पहिली. तिसरी दोरी हलकी लागते हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. पण ती जास्त लांब ओढावी लागते, हे त्याने स्वतः शोधले आणि ते त्या मुलीला सांगितले, जे तिला सांगायचे राहिले होते. त्याच आठवड्यात मी मुख्याध्यापकांकडे कपाटाची किल्ली मागितली. ती निवृत्त होईपर्यंत माझ्याकडेच होती.

शहरातल्या मुलांना हा अनुभव द्यायला ७ मार्च १९९२ पासून गांधीसागर तलावाच्या काठावर रामन विज्ञान केंद्र आहे. १९९७ मध्ये तिथे तारांगणही आले. आमच्या पिढीच्या वाट्याला लहानपणी आला तो अजब बंगला. १८६३ मध्ये स्थापन झालेले ते मध्यवर्ती संग्रहालय मला अतिशय प्रिय आहे. तिथले शिलालेख, भुसा भरलेले प्राणी, काचेआडच्या तलवारी यांनी माझे बालपण समृद्ध केले. पण तिथे पहिली सूचना हात न लावण्याची असते आणि जुन्या वस्तूंच्या बाबतीत ती योग्यच असते. एकाच शहरात, दोन-तीन मैलांच्या अंतरावर, एक घर "दुरून पाहा" सांगते आणि दुसरे "हात लावा" सांगते. घोष या दोन्ही घरांचे होते, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला खरा ताण याच ठिकाणी आहे.

कारण विज्ञान केंद्राच्या रीतीत एक उणीव आहे, आणि ती कोणा एका केंद्राची नसून त्या प्रकाराचीच आहे. लोलकातून प्रकाशाचे रंग दिसतात, पण अंधाऱ्या खोलीत खिडकीला भोक पाडून बसलेला न्यूटन दिसत नाही. नियम कळतो, तो नियम सापडेपर्यंत किती जण चुकले, कुणी भांडले, कुणाचे नाव राहिले आणि कुणाचे पुसले गेले, हे कळत नाही. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये, ज्याची स्थापना १९०३ मध्ये ओस्कार फॉन मिलर याने केली, मूळ यंत्रे आणि बटण दाबून चालणाऱ्या प्रतिकृती शेजारी शेजारी मांडण्याची परंपरा आहे, त्यामुळे हात आणि काळ दोन्ही एका दालनात भेटतात. आपल्याकडच्या कोलकात्यातल्या बिर्ला संग्रहालयाचा आरंभही उद्योग आणि तंत्रज्ञानाचे संग्रहालय म्हणूनच झाला होता. पुढे केंद्रांची संख्या वाढली आणि जुन्या यंत्रांची जागा नव्या खेळांनी घेतली. १९८२ मध्ये पुरुलियासारख्या मागास जिल्ह्यात विज्ञान केंद्र उघडायचे तर तिथे जुनी यंत्रे कुठून आणणार, असे कुणी विचारेल, आणि तो प्रश्न रास्त आहे. तरीही मला वाटते, की त्या वर्षांत घोष यांच्यातल्या इतिहासकाराने त्यांच्यातल्या शिक्षकासाठी पुष्कळ जागा सोडून दिली.

नागपुरात ही जागा रिकामी दिसते. ज्या भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांचे नाव केंद्राला आहे, ते १९१० मध्ये सरकारी वित्तखात्यातले तरुण अधिकारी म्हणून रंगूनहून बदलून याच शहरात आले होते आणि पुढच्या वर्षी कोलकात्याला परतले. कागदांवर सह्या करून संध्याकाळी वाद्यांच्या कंप पावणाऱ्या तारांचा विचार करणारा हा माणूस आपल्या गावात राहिला, हे प्रत्येक नागपूरकर मुलाला ठाऊक असायला हवे. गांधीसागराच्याच काठावर जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि कापूस कातण्याचे रिंग स्पिंडलचे नवे तंत्र तिने देशात फार लवकर वापरून पाहिले. तिथे आता मॉल आहे. माझ्या आजीचे भाऊ त्या मिलमध्ये कामाला होते. रिंगवर तुटलेला धागा चालत्या यंत्रात कसा जोडायचा, हे ते आम्हाला रिकाम्या हातांनी करून दाखवत, आणि यंत्र नसतानाही त्यांच्या चिमटीत धागा आहे असे वाटे. ती चिमूट दाखवायला एक तरी स्पिंडल चालू स्थितीत गावात ठेवायला हवे होते. मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे, ते पाहताना मला दरवेळी वाटते, की रेल्वेने जे आपल्यासाठी जपले ते कापडाने आणि तारेने जपले नाही.

निवृत्तीनंतर मात्र घोष यांनी इतिहासाकडे दोन्ही हातांनी वळून पाहिले. त्याआधी त्यांनी कोलकात्याची सायन्स सिटी १९९७ मध्ये पूर्ण केली होती, तीही शहराचा कचरा जिथे साठे त्या जमिनीवर. त्यानंतर आले कोलकात्याच्या टाउन हॉलमधले शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन, २००६ मध्ये लोकांपुढे आलेले दिल्लीचे संसद संग्रहालय, आणि राष्ट्रपती भवनाच्या जुन्या तबेल्यांच्या व गॅरेजच्या जागेत २०१४ पासून टप्प्याटप्प्याने उघडलेले संग्रहालय. विज्ञान केंद्रात कमावलेली सगळी साधने, म्हणजे हलणारे पुतळे, ध्वनी, प्रकाश, चालत चालत प्रसंगात शिरण्याची योजना, त्यांनी इथे इतिहासाच्या सेवेला लावली. संविधान सभेत आपणही बसलो आहोत असे प्रेक्षकाला वाटावे, ही त्यांची धडपड होती.

या रीतीबद्दल माझ्या मनात थोडी शंका आहे. बोलणारा पुतळा प्रश्न विचारू देत नाही. जुने पत्र, त्यावरची खोडाखोड, पुसट झालेली सही माणसाला थांबवते आणि विचार करायला लावते. प्रबंध लिहिताना दफ्तरखान्यातले जे कागद घोष यांनी स्वतः चाळले असतील, त्यांचा स्पर्श प्रेक्षकाला कसा द्यायचा, हा प्रश्न मला अजून सुटलेला दिसत नाही. पण ज्या देशात अजब बंगल्यापुढून रोज जाणारा माणूस आयुष्यात एकदाही आत जात नाही, तिथे त्याला आधी आत आणले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते. शाळेच्या मैदानात बस नेणाऱ्याने दुसरे काय म्हणावे?

जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा बाबा हयात नव्हते. पण रामन केंद्र उघडले त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मी त्यांना तिथे नेले होते, माझ्या वर्गातल्या मुलांसोबत. मुले बागेतल्या डायनासोरकडे धावली आणि बाबा आतच एका विद्युतचुंबकापाशी थांबले. बटण दाबले की चुंबक लोखंडाची पट्टी ओढून घेई, सोडले की ती सुटे. मी पुढच्या दालनापर्यंत जाऊन परत आले तरी ते तिथेच होते. त्यांच्या मागे दोन मुले वाट पाहत उभी होती आणि मला संकोच वाटला. मी म्हटले, "बाबा, चला ना, पोरांना पाहायचे आहे." त्यांनी मान हलवली, पण बोट उचलले नाही.

वाट पाहणाऱ्यांपैकी लहान मुलीने विचारले, "आजोबा, तुम्ही काय करून राहिले जी?"

"आमच्या स्टेशनाची हाक देतो," ते म्हणाले. मग त्यांनी बटण पुन्हा दाबले, थोडे, जास्त, थोडे, आणि पट्टीकडे कान करून उभे राहिले. तितका वेळ ती दोन्ही मुलेही गप्प राहिली. नंतर ते बाजूला झाले, त्या मुलीचे बोट धरून बटणावर ठेवले आणि कसे दाबायचे ते तिला दाखवू लागले.